अग्निनौका: जहाज जाळण्यासाठी की रांग मोडण्यासाठी?

सुकाणू
मंडळी, शिडाच्या जहाजांच्या काळातल्या लढाया वाचताना एका प्रश्नावर अडकलोय, तो तुमच्यापुढे टाकतो.

जुनी झालेली जहाजं घ्यायची, त्यात डांबर, राळ, गंधक, वाळक्या काटक्या ठासायच्या आणि वारा व प्रवाह शत्रूच्या दिशेने असताना पेटवून सोडून द्यायची. ही युक्ती दोन हजार वर्षांहून जास्त काळ चालली. पण एकेक लढाई काढून बघायला लागलं की लक्षात येतं, शत्रूच्या जहाजापर्यंत न पोचताच जळून गेलेल्या अग्निनौका ढिगाने सापडतात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण घ्या. ७ ऑगस्ट १५८८ ची रात्र, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं कॅले. स्पेनचं आरमार दाटीवाटीने नांगर टाकून उभं आहे. इंग्रजांनी आठ जहाजं पेटवून त्यांच्यावर सोडली. दोन जहाजं स्पॅनिश होड्यांनी आकडे टाकून बाजूला ओढून नेली. उरलेली सहा आरमाराच्या मधून गेली आणि किनाऱ्याकडे वाहत जाऊन जळून संपली. स्पेनचं एकही जहाज पेटलं नाही! पण तोवर स्पॅनिश कप्तानांनी नांगरांचे दोर कुऱ्हाडीने तोडून टाकले होते. अंधारात, भरतीच्या ओढीत, एकमेकांवर आदळत सगळं आरमार पांगलं. सान लोरेन्झो नावाच्या मोठ्या जहाजाचं सुकाणू मोडलं आणि ते कॅलेच्या किल्ल्यापाशी रुतून बसलं. दुसऱ्या दिवशी ग्रॅव्हलिन्ससमोर इंग्रजांनी त्या विस्कटलेल्या आरमाराला गाठलं. समुद्राच्या तळाशी राहिलेले ते नांगर पुढे स्पेनला परतताना आयर्लंडच्या वादळी किनाऱ्यावर हवे होते, तेव्हा नव्हते.

माझं मत असं की अग्निनौकेचं खरं काम रांग मोडणं हेच होतं, आग हे त्याचं साधन. तुम्हाला काय वाटतं?

लाल_तिखट
जागा पकडून ठेवतो. आज काही लवकर झोप नाही.

जुनी_वही
सुकाणू, धागा सुंदर, पण मताशी असहमत. कॅलेवरून सगळ्या अग्निनौकांची परीक्षा करू नका. खिऑस बेटाचं काय?

१८२२. ग्रीक तुर्कांच्या सत्तेविरुद्ध उठलेले. त्या वसंतात खिऑसवर तुर्की फौजांनी भयंकर कत्तल केली, हजारो माणसं मारली, हजारो गुलाम म्हणून विकली. जूनमध्ये तुर्की आरमार अजून तिथेच नांगरून होतं. रमजान संपल्याचा उत्सव, जहाजांवर दिव्यांची रोषणाई, आकाशात चंद्र नाही. सारा बेटावरचा कोन्स्तान्तिनोस कानारिस आणि त्याचा जोडीदार पिपिनोस एकेक अग्निनौका घेऊन आत शिरले. कानारिसने आपल्या जहाजाची पुढची डोलकाठी थेट कारा अली पाशाच्या मुख्य जहाजाच्या झरोक्यात घुसवली. म्हणजे जहाज आता सुटणार नाही. मग वात पेटवली आणि माणसांना घेऊन मागच्या होडीत उतरला. आग दारूच्या कोठारापर्यंत पोचली आणि जहाज उडालं. सुमारे दोन हजार माणसं गेली, पाशा स्वतः मेला. पिपिनोसची नौका मात्र नीट अडकली नाही, तुर्कांनी ती झटकून लावली.

बघा, एकाच रात्री, एकाच वाऱ्यावर दोन नौका. एक लागली, एक सुटली. फरक कशाने पडला? पेटवण्याच्या आधी जहाज अडकवण्याने. आणि जे अडकलं ते पूर्ण जळलं. हे जाळण्याचंच हत्यार आहे.

दुरुस्ती आणि भर: कानारिस सारा नव्हे, प्सारा बेटाचा, मघाशी टंकताना एक अक्षर गळलं. पुढे हाच माणूस ग्रीसचा पंतप्रधान झाला, एकदा नव्हे अनेकदा, आणि १८७७ साली त्या पदावर असतानाच वारला.

गणिती_बाई
खर्चाचं कुणी बोलेल का? कॅलेची ती आठ जहाजं काही भंगार नव्हती. घाईघाईत जी हाताशी होती ती घेतली, ड्रेक आणि हॉकिन्सने स्वतःची जहाजं देऊ केली. नंतर मालकांना भरपाई द्यावी लागली, ती सगळी मिळून पाच हजार पौंडांच्या जरा वर. एवढ्या पैशात शत्रूचं सगळं आरमार जागेवरून हलवलं. तोफांच्या दारूगोळ्याच्या तुलनेत हा सौदा मला फार स्वस्त वाटतो. या मुद्द्यावर मी सुकाणू यांच्या बाजूने.

तांडेल
वाचतोय मन लावून. आम्ही मासेमारीवाले, इतिहासातलं फार कळत नाही म्हणणार नाही, कारण समुद्र तोच आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. सुकाणू यांनी "भरतीच्या ओढीत" असं एका शब्दात उरकलं, पण सगळा खेळ तिथेच आहे. भांगाच्या भरतीला पाण्याला ओढ कमी असते. उधाणाच्या भरतीला तेच पाणी बंदरात दौडत येतं. कॅलेला त्या रात्री उधाण होतं आणि वाराही त्याच दिशेचा. वारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असतं तर पेटलेलं जहाज वाटेत आडवं होऊन फिरलं असतं. ज्याने वेळ निवडली त्याला पाणी कळत होतं.

दुसरी. आमच्या बंदरात एकदा धक्क्याला लागलेल्या ट्रॉलरला आग लागली. हंगाम बंद होता, सगळ्या बोटी बाजूबाजूला बांधलेल्या. नायलॉनचं जाळं पेटलं की वितळून त्याचे जळते थेंब गळतात, आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या बोटीवर जातात. आग लागलेल्या बोटीवर पाणी मारायला चारच माणसं धावली. बाकी सगळे कोयते घेऊन आपापल्या बोटीचे दोर तोडायला. दोर तोडल्यावर बोट जाणार कुठे, याचा विचार कुणी केला नाही. इंजिन बंद, ओहोटी लागलेली. आगीने एकच बोट गेली. सुटलेल्या बोटी मात्र खडकावर आपटून फुटल्या. म्हणून त्या स्पॅनिश कप्तानांना मी भित्रे म्हणणार नाही. लाकडाच्या जहाजावर, दारूच्या पिंपांवर उभा असलेला माणूस दुसरं काय करणार?

सुकाणू
तांडेलदादा, तुमचा प्रतिसाद सगळ्यात मोलाचा. खरं तर स्पॅनिश आरमाराचा सेनापती मेदिना सिदोनिया याने आधीच हुकूम दिला होता: होड्यांनी नौका ओढून काढा, आणि जहाज हलवावंच लागलं तर नांगराच्या दोराला पिंप बांधून सोडा, म्हणजे सकाळी परत येऊन तो धरता येईल. कागदावर सगळं बरोबर होतं. प्रत्यक्षात आग समोर आल्यावर पिंप बांधायला कुणी थांबलं नाही.

अवकाळी
ते का थांबले नाहीत याचं कारण तीन वर्षं आधीच्या अँटवर्पमध्ये आहे, आणि त्याशिवाय कॅले समजत नाही.

१५८५ मध्ये पार्माचा राजपुत्र स्पेनच्या वतीने अँटवर्पला वेढा घालून बसला होता. शेल्ड नदीवर त्याने आडवा पूल बांधून शहराची रसद तोडली. शहरात फेदेरिगो जांबेली नावाचा इटालियन अभियंता होता. त्याने दोन जहाजांच्या पोटात विटांच्या भक्कम खोल्या बांधून घेतल्या, त्यात हजारो पौंड दारू भरली, वर जात्याचे दगड, थडग्यांच्या शिळा, लोखंडाचे तुकडे रचले. वरून मात्र थोडी आग पेटवलेली, म्हणजे बघणाऱ्याला साधी अग्निनौका वाटावी. एका जहाजात वातीऐवजी घड्याळाची चावी बसवली होती. ५ एप्रिलच्या रात्री ती सोडली. एक वाटेत फुकट गेलं. दुसरं पुलाला येऊन टेकलं. स्पॅनिश सैनिक ती चिमुकली आग विझवायला त्यावर चढले, आणि घड्याळ भरलं.

सुमारे आठशे माणसं एका क्षणात गेली. पुलाला भगदाड पडलं. पार्मा स्वतः काही क्षण आधी तिथून बाजूला गेला होता म्हणून वाचला, तरी बेशुद्ध पडला.

१५८८ मध्ये हाच जांबेली इंग्लंडमध्ये नोकरीला होता आणि हे स्पॅनिशांना ठाऊक होतं. कॅलेला आठ ज्वाळा येताना दिसल्या तेव्हा त्यांना जळणारी लाकडं दिसली नाहीत, अँटवर्प दिसलं. त्यात इंग्रजांनी त्या जहाजांवरच्या तोफा भरूनच सोडल्या होत्या. उष्णतेने त्या आपोआप उडायला लागल्या. मग कोण थांबतंय?

तेव्हा सुकाणू, भीतीने काम केलं हे खरं, पण ती भीती आठशे माणसांच्या मरणातून आली होती. कुणी कधी जळलंच नसतं तर कुणी दोर तोडले नसते.

लाल_तिखट
अंगावर काटा आला. मग अँटवर्प वाचलं का?

अवकाळी
नाही ना! तीच तर तळमळ आहे. भगदाड पडल्यावर खाली उभ्या असलेल्या आरमाराने लगेच घुसायचं ठरलं होतं. त्यासाठीची खूण झालीच नाही. आरमार जागेवरच. पार्मा शुद्धीवर आला, रातोरात पूल निदान दिसायला तरी सांधला, आणि ऑगस्टमध्ये अँटवर्प पडलं. एवढी अक्कल, एवढी दारू, एवढे जीव, आणि पुढे जायला कुणी नाही.

देवगडकर
आमच्याकडचं उदाहरण देतो, अग्निनौकेचं नाही पण अगदी लागून आहे. फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. अॅडमिरल वॉटसनचं आरमार वाघोटण खाडीच्या मुखातून आत आलं, बरोबर क्लाइव्ह. आंग्र्यांची गुराबं (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना लगटून उभी. त्यांतच रिस्टोरेशन नावाचं मोठं जहाज होतं, ईस्ट इंडिया कंपनीचंच, आंग्र्यांनी जिंकून आणलेलं. इंग्रजांचा एक गोळा त्यावर पडला, ते पेटलं, आणि बघता बघता आग एका गलबतावरून दुसऱ्यावर गेली. संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचं सगळं आरमार राख. कान्होजींच्या काळापासून उभी राहिलेली ताकद.

म्हणजे शत्रूला अग्निनौका पाठवावीच लागली नाही. आपल्याच गोटातलं जहाज अग्निनौका झालं. मी विजयदुर्गच्या तटावर उभा राहून खाडीकडे बघतो तेव्हा दर वेळी पोटात कालवतं. तीस-चाळीस हात अंतर ठेवून नांगरली असती तर?

तांडेल
देवगडकर, किल्ल्याच्या आडोशाला जागा तेवढीच. बाहेर ठेवली तर तोफांच्या माऱ्यात, आत घेतली तर दाटी. सोपं नाही ते.

चिंचोका
पण मराठ्यांनी कधी इंग्रजांवर वा पोर्तुगीजांवर असली पेटती जहाजं सोडण्याचा मार्ग का धरला नाही? खांदेरीला १६७९ मध्ये इंग्रज समोरच होते की.

देवगडकर
माझ्या समजुतीप्रमाणे कारण साधं आहे. आपल्या आरमाराला जहाज जाळण्यात नव्हे, पकडण्यात रस होता. खांदेरीच्या लढाईत १८ ऑक्टोबर १६७९ ला इंग्रजांचं डव्ह नावाचं गुराब मराठ्यांनी पकडलंच. पकडलेलं जहाज, त्यावरच्या तोफा, दारू, सगळं आपल्या कामी येतं. जळालेलं जहाज कुणाच्याच कामी येत नाही. शिवाय आपली गलबतं वल्ह्यांवर चालणारी, उथळ पाण्यात फिरणारी. वारा पडला की मोठ्या जहाजाच्या मागच्या बाजूने घोळका करून जायचं, तिकडे त्याच्या तोफा कमी. ज्याच्याकडे ही चाल आहे तो स्वतःचं जहाज कशाला जाळेल?

लाल_तिखट
देवगडकर आले, म्हणजे आता धाग्यात हापूसही येणार.

देवगडकर
एप्रिलमध्ये या, पेटी काढून ठेवतो.

वडाची_पारंबी
आपल्या किनाऱ्यावर अग्निनौका आल्याच नाहीत असं नाही बरं. १६१५ च्या सुरुवातीला सुरतेजवळ सुवाळीच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉय मोठं आरमार घेऊन इंग्रज कंपनीच्या डाउनटनवर चालून गेला. समोरासमोरच्या झटापटीत जमलं नाही, तेव्हा त्याने पेटती जहाजं सोडली. इंग्रजांची चार जहाजं, त्यांचं काही बिघडलं नाही. त्याहीआधी १५०४ मध्ये कोचीच्या पाण्यात कालिकतच्या सामुद्री राजाच्या लोकांनी पोर्तुगीजांवर पेटते तराफे सोडले होते. पोर्तुगीज कप्तान दुआर्ते पाशेकोने आपल्या जहाजांपुढे डोलकाठ्यांचा तरंगता अडसर बांधून ठेवला होता, तराफे तिथेच अडून जळाले.

इथे मला सुकाणू यांच्या विरुद्ध टोकाचं म्हणायचंय. समोरचा तयारीत असेल तर अग्निनौका जाळतही नाही आणि घाबरवतही नाही.

शिंपला
मी लाकडी जहाजांच्या प्रतिकृती बनवतो, त्यामुळे माझा जीव रचनेत. गवत भरलं आणि काडी लावली, इतकं ते सोपं नव्हतं. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रज खास बनवलेल्या अग्निनौका ठेवत, त्यांची आतली मांडणी बघण्यासारखी आहे.

खालच्या मजल्यावर आगीची खोली. तिच्यात लाकडी पन्हळी उभ्याआडव्या बसवलेल्या आणि त्यांतून दारू लावलेली वात फिरवलेली, म्हणजे एका टोकाला पेटवलं की सगळीकडे एकदम आग. पन्हळींवर राळेत बुडवलेल्या काटक्यांच्या मोळ्या, बोरूच्या जुड्या, मध्ये जळाऊ मसाल्याची पिंपं. वरच्या फळ्यांना भोकं पाडून धुराड्यासारखी वाट केलेली, ती बरोबर डोलकाठीच्या दोरखंडांखाली. आग वर चढून डांबर लावलेले दोर आणि शिडं धरते ती इथून. परबाणांच्या, म्हणजे शिडाच्या आडव्या दांड्यांच्या, टोकांना लोखंडी आकडे, शत्रूच्या दोरांत गुंतण्यासाठी.

आता झरोक्यांची गंमत. नेहमीच्या लढाऊ जहाजात तोफेच्या झरोक्याची झडप वरच्या बाजूला बिजागरीवर असते आणि दोराने उचलून धरलेली असते. आग लागली की आधी तो दोर जळणार, झडप खाली पडणार, हवा बंद, आग गुदमरली. म्हणून अग्निनौकेच्या झडपांना बिजागऱ्या खालच्या बाजूला. दोर तुटला की झडप बाहेर पडून उघडीच राहते.

मागच्या अंगाला एक छोटं दार. शेवटी राहिलेली माणसं तिथून होडीत उतरायची, आणि ती होडी साखळीने बांधलेली, दोराने नव्हे. का ते सांगायला नको.

ही रचना बघितली की जुनी_वही यांचं पटतं. नुसतं घाबरवायचं असतं तर एवढा खटाटोप कोण करतं?

टेम्सकाठी
शिंपला, क्या बात है!

मी इंग्लंडमध्ये केंटला राहते, मेडवे नदी घरापासून जवळ. अपनॉर किल्ल्यावर उभं राहिलं की समोर तोच वळणाचा प्रवाह दिसतो जिथून जून १६६७ मध्ये डच आत आले. डी रॉयटरचं आरमार. नदीवर गिलिंगहॅमजवळ लोखंडी साखळी टाकलेली होती, ती पार केली आणि अग्निनौका पुढे घातल्या. रॉयल जेम्स, लॉयल लंडन आणि रॉयल ओक ही इंग्लंडची तीन मोठी जहाजं तिथे जाळली. रॉयल चार्ल्स तर ओढून घेऊन गेले. तिच्या मागच्या भागावरचं कोरीवकाम आजही अॅमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, मी मुद्दाम बघून आले. सिंह आणि युनिकॉर्न, सोनेरी रंगाचे, भिंतभर.

अजून एक. इंग्रजांनी नवं रॉयल जेम्स बांधलं. शंभर तोफांचं. १६७२ मध्ये सोलबेच्या लढाईत तेही डच अग्निनौकेनेच जाळलं. इंग्रज अॅडमिरल अर्ल ऑफ सँडविच त्यावर होता. त्याचं प्रेत काही दिवसांनी समुद्रात मिळालं, अंगावरच्या सन्मानचिन्हामुळे ओळख पटली. पाच वर्षांत एकाच नावाची दोन जहाजं आगीत.

गणिती_बाई
टेम्सकाठी, पण मेडवेतली जहाजं उभी होती, त्यांवर पुरेशी माणसं नव्हती, युद्धाचे पैसे संपले म्हणून ठेवून दिलेली. सोलबेचं रॉयल जेम्स अग्निनौका येईपर्यंत कित्येक तास लढून मोडकळीला आलेलं होतं. खिऑसला उत्सव चालू होता. म्हणजे जिथे जहाज खरोखर जळलं तिथे ते आधीच हलू शकत नव्हतं, किंवा बेसावध होतं. ज्याला हलता येतं ते हलतं आणि मग सुकाणू म्हणतात तसं होतं.

जुनी_वही
गणिती_बाई, हा मुद्दा जबरदस्त. चेश्मेही यात बसतं. जुलै १७७०, अनातोलियाचा म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा किनारा. तुर्की आरमार चेश्मेच्या अरुंद खाडीत शिरून बसलं. रशियनांनी आधी तोफांचा मारा केला, त्यात एक जहाज पेटलंच होतं. मग चार अग्निनौका सोडल्या. पहिली तुर्कांनी अडवली, दुसरी आधीच जळणाऱ्या जहाजापाशी जाऊन वाया गेली, तिसरी लेफ्टनंट इल्यिनची. त्याने आपली नौका तुर्की युद्धनौकेला भिडवली, वात लावली, उतरला. सकाळपर्यंत जवळजवळ सगळं आरमार संपलं. चौथीची गरजच उरली नाही.

खाडी अरुंद, बाहेर रशियन, पळायला जागा नाही.

आणि चीनमधलं लाल कड्यांचं युद्धही. इसवी सन २०८ चा हिवाळा, यांगत्झे नदी. उत्तरेकडून चालून आलेल्या त्साओ त्साओचं प्रचंड आरमार, जहाजं एकमेकांना जोडून उभी. समोरच्या बाजूच्या ह्वांग गायने शरण येतोय असा निरोप पाठवला आणि बोरू व तेलात भिजवलेली लाकडं भरलेल्या, वरून कापडाने झाकलेल्या नौका आग्नेयेच्या वाऱ्यावर सोडल्या. त्साओ त्साओचे लोक बघायला बाहेर आले, शरणागती म्हणून. जवळ आल्यावर त्या पेटल्या.

चिंचोका
म्हणजे विजयदुर्ग आणि लाल कडे, दोन्हीकडे चूक एकच. जहाजांमध्ये अंतर नाही.

वडाची_पारंबी
आणि जिथे साफ फसलं त्याचीही नोंद हवी. क्वेबेक, जून १७५९. फ्रेंचांनी सेंट लॉरेन्स नदीत इंग्रज आरमारावर अग्निनौका सोडल्या आणि फार लवकर पेटवल्या. इंग्रज खलाशी होड्या घेऊन पुढे गेले, आकडे टाकले, काठाला ओढून नेल्या. पेटवणाऱ्याचा धीर सुटला की संपलं.

मे १८४१, अफूचं युद्ध, चीनमधलं कँटन. चिन्यांनी तेल लावलेला कापूस भरलेल्या, साखळीने जोडलेल्या नौका रात्री प्रवाहाबरोबर इंग्रजांवर सोडल्या. पण आता समोर नेमेसिस होतं, लोखंडी, वाफेवर चालणारं. त्याला वाऱ्याची वाट बघावी लागत नाही, प्रवाहाविरुद्ध जाता येतं. पेटत्या नौका ओढून दूर करता येतात. तिथे या हत्याराचा काळ संपला असं मी मानतो.

गोदीवाला
अफूच्या युद्धाचं नाव निघालं म्हणून अवांतर, पण मुंबईकरांनी विसरू नये असं. ते युद्ध संपवणारा नानकिंगचा तह १८४२ मध्ये ज्या जहाजावर झाला ते कॉर्नवॉलिस मुंबईच्या गोदीत बांधलेलं, वाडियांनी, सागवानात. आणि ग्रीसमधल्या नवारिनोच्या लढाईत, ऑक्टोबर १८२७, इंग्रज अॅडमिरल कॉड्रिंग्टनचं मुख्य जहाज एशिया, तेही मुंबईचंच. ती लढाई सुरू कशी झाली? तुर्की-इजिप्शियन आरमाराने खाडीच्या तोंडाशी अग्निनौका ठेवल्या होत्या. एका अग्निनौकेला तिथून हटवायला इंग्रजांची होडी गेली, तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि सगळीकडून तोफा सुरू झाल्या. म्हणजे ती पेटायच्या आधीच युद्ध पेटलं.

आमच्या दोन पिढ्या गोदीत गेल्या. त्या सागवानाच्या जहाजांबद्दल कुणी लिहिलं की बरं वाटतं.

टेम्सकाठी
गोदीवाला, यावर वेगळा धागा काढाच. मी वाट बघते.

लाल_तिखट
एक विचारू का? पेटत्या जहाजावर शेवटपर्यंत थांबणारी ही माणसं कोण होती? त्यांच्यावर कुणी बोललंच नाही.

शिंपला
फार योग्य प्रश्न. बहुतेक ठिकाणी स्वखुशीने आलेले. सतराव्या शतकात इंग्रज आरमारात शत्रूचं मोठं जहाज जाळलं तर खलाशांना माणशी दहा पौंड आणि कप्तानाला सोन्याचं पदक, असं बक्षीस होतं. खलाशाला ती रक्कम लहान नव्हती. पण पकडले गेले तर दया नाही. समोरच्यांच्या मनात अग्निनौकेच्या लोकांबद्दल इतका राग असायचा की युद्धकैद्याची वागणूक मिळेल याची खात्री नसे. वात लावायची वेळ त्यांच्या हातात. लवकर लावली तर क्वेबेक होतं. उशिरा लावली तर स्वतः जळणार.

सुकाणू
सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझं म्हणणं थोडं पुढे नेतो.

गणिती_बाईंचा मुद्दा मला कळीचा वाटतो: हलू न शकणारं जहाज जळतं, हलू शकणारं पळतं. पण पळालेल्याचं पुढे काय करायचं, हे ठरवणारा माणूस मागे हवा. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण एप्रिल १८०९, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं बास्क रोड्स. फ्रेंच आरमार एक्सच्या बेटाआड तरंगत्या अडसरामागे उभं. इंग्रज कप्तान लॉर्ड कॉक्रेनने स्फोटकांनी भरलेली जहाजं आणि वीसच्या आसपास अग्निनौका घेऊन हल्ला केला. स्फोटाने अडसर फुटला. अग्निनौका बहुतेक भरकटल्या, एकीनेही फ्रेंच युद्धनौका जाळली नाही. तरी फ्रेंचांनी कॅलेसारखेच दोर तोडले आणि सकाळी दोन सोडून सगळी जहाजं चिखलात रुतलेली. कॉक्रेन खुणांमागून खुणा करत होता, या आणि संपवा. वरिष्ठ अॅडमिरल गॅम्बियर मोठं आरमार घेऊन मैलोनमैल मागे थांबून राहिला. शेवटी कॉक्रेन एकटा पुढे घुसला, तेव्हा कुठे थोडी मदत आली. चार-पाच फ्रेंच जहाजं नष्ट झाली, बाकीची भरतीला सुटून निसटली.

अवकाळी यांनी सांगितलेलं अँटवर्प आणि हे, दोन्ही ठिकाणी आगीने आपलं काम केलं होतं. कॅलेला इंग्रज पहाटेच पाठलागाला निघाले, म्हणून कॅले इतिहासात मोठं झालं.

अवकाळी
गॅम्बियरने स्वतःहून चौकशी मागितली आणि निर्दोष सुटला. मला आजही त्या निकालाचा राग येतो.

जुनी_वही
सुकाणू, निम्मं मान्य. खिऑसवर मात्र ठाम आहे. तिथे मागे कुणी आरमार घुसवलं नाही, तरी कारा अली गेला तो गेलाच.

चिंचोका
आजकाल काळ्या समुद्रात स्फोटकं भरलेल्या, माणसाशिवाय चालणाऱ्या होड्या रशियन नौदलावर जातात, ऑक्टोबर २०२२ मध्ये सेवास्तोपोलवर गेल्या तशा. त्याही याच घराण्यातल्या ना? फक्त शेवटपर्यंत थांबणारा माणूस आता किनाऱ्यावर बसलेला.

वडाची_पारंबी
घराणं तेच, पण जांबेलीच्या शाखेचं, कानारिसच्या नव्हे. वारा लागत नाही, आग दाखवायची नाही. उलट जितकं उशिरा दिसेल तितकं बरं.

लाल_तिखट
शेवटचा प्रश्न. या सगळ्या भानगडी रात्रीच का? दिवसा वारा चांगला असतो की.

तांडेल
मी सांगतो. रात्री पाण्यावरची आग किती लांब आहे ते डोळ्याला कळत नाही. आम्ही आयुष्य समुद्रावर काढतो, तरी दूरच्या होडीवरचा कंदील आहे की जवळच्या, यात फसतो. पेटलेलं जहाज मैलभर लांब असलं तरी आता अंगावर आलं असं वाटतं. ओढून न्यायला निघालेल्या होड्यांनाही अंदाज येत नाही. शिवाय न पेटवलेली नौका अंधारात पार जवळ येईपर्यंत दिसतच नाही.

टेम्सकाठी
तांडेलदादांना जोडून: सोलबेला मात्र भर दिवसा जाळलं. तिथे अंधाराचं काम तोफांच्या धुराने केलं. काळ्या दारूचा धूर इतका दाट असायचा की शेजारचं जहाज दिसत नसे. अग्निनौका आपल्याच मोठ्या जहाजाच्या आडून, धुरातून पुढे काढायच्या. म्हणून मोकळ्या समुद्रावरच्या लढाईत त्या नेहमी रांगेच्या मागच्या अंगाला ठेवलेल्या असत.